हाक कोणाची?

गेल्या पावसाळ्यात एका तरुण लेखकाने कादंबरीचे हस्तलिखित वाचायला पाठवले. मुलगा पुण्याचा, लिहिता हात चांगला, गोव्यात दोन-तीनदा येऊन राहिलेला. कादंबरी पेडणे तालुक्यात घडते. चौथ्या पानावर मासे विकणारी एक म्हातारी डोक्यावरची पाटी उतरवते आणि म्हणते, "मी अरंबोलची." तिथेच मी अडखळलो. पुढची दीडशे पाने मी नंतर वाचली, काही तर फार आवडलीही. पण त्या म्हातारीवरचा विश्वास उडाला तो उडालाच. अरंबोल हे नाव नकाशावर आहे, गेस्टहाउसच्या पाट्यांवर आहे, स्कूटर भाड्याने देणाऱ्या पोराच्या तोंडात आहे. म्हातारीच्या तोंडात ते येणार नाही. ती हरमलची.

हे त्याला कळवायला म्हणून पत्र लिहायला घेतले. एका नावावरून दुसरे निघाले, गावांवरून आडनावांवर गेलो, आडनावांवरून बायकांच्या नावांवर, आणि पत्राची वही झाली. कथा-कादंबरीतल्या माणसांना आणि गावांना नावे कशी द्यावीत, हा त्या वहीचा विषय. ती वही म्हणजेच हे पुस्तक. उदाहरणे बहुतेक पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांतली आहेत, कारण माझे पाय तिथल्या मातीतले आहेत. शिवाय एकाच गोष्टीला तीन-तीन नावे असण्याची जी सवय या भागाला लागली आहे, ती लिहिणाऱ्याला फार शिकवते.

आधी गावांच्या नावांचे बघू. पोर्तुगीजांच्या हाती तिसवाडी, बार्देस आणि साष्टी हे तालुके सोळाव्या शतकातच गेले. पेडणे, डिचोली, सत्तरी हे 'नव्या काबिजादी'तले. ते त्यांच्याकडे आले अठराव्या शतकाच्या शेवटी. पेडणे तर १७८८ साली, सावंतवाडीकर भोसल्यांकडून. तोवर इथली नावे इथल्याच तोंडांनी घासून गोल झालेली होती. मग ती परक्या कानांवर पडली आणि रोमन अक्षरांत गेली. आपला 'ड' त्या कानांना 'र' वाटला, म्हणून पेडण्याचे पेर्नें झाले. 'ह' त्यांच्या जिभेवर उमटतच नाही, म्हणून हरमलचे अरंबोल, हरवळ्याचे आर्वालें, हळर्णाचे आलोर्ना. 'गाव'चा झाला 'गांव', तोही नाकातून: कोरगाव, शिरगाव, पिळगाव सगळे त्याच माळेत. आणि शेवटी जो 'एम' लावलेला दिसतो तो 'म' नाहीच. आधीचा स्वर नाकातून काढा, एवढे सांगणारी ती खूण आहे. जुने लोक पेडणें, मांद्रें असे अनुस्वार देऊन लिहीत, तोच तो अनुस्वार. इंग्रजी वाचणाऱ्यांनी त्याचा ठणठणीत 'म' केला आणि मोरजीचे मोरजिम झाले, मांद्र्याचे मांद्रेम.

आता लेखकाच्या दृष्टीने बघा. मोरजी म्हणणारा कोण आणि मोरजिम म्हणणारा कोण, हे सांगायला वेगळे वर्णन लागत नाही. एका शब्दात माणूस कुठून आला, कुठली पाटी वाचून आला, किती दिवस राहिला, सगळे कळते. मोरजीत जन्मलेला पण किनाऱ्यावर शॅक चालवणारा पोरगा गिऱ्हाइकाशी मोरजिम म्हणतो आणि मागे वळून आईशी मोरजी म्हणतो. त्या वळण्यात अर्धी गोष्ट आहे. त्यामुळे माझ्या पुणेकर मित्राची चूक 'अरंबोल' लिहिण्यात नव्हती. ते नाव त्याने चुकीच्या तोंडात घातले, एवढेच.

हळर्णाची गोष्ट इथे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. शापोरा नदीकाठचे हे पेडण्यातले गाव, तिथे एक किल्ला. १७४६ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने तो भोसल्यांकडून जिंकला. हा व्हाइसरॉय तोवर कास्तेलो नोव्होचा मार्कीस होता; या विजयानंतर तो आलोर्नाचा मार्कीस झाला. पदवी घराण्यात चालू राहिली. त्याची नात लिओनोर द आल्मैदा (१७५०–१८३९) पोर्तुगालची नामवंत कवयित्री झाली. कवितेत तिचे टोपणनाव आल्सिपे, पण वाङ्मयाच्या इतिहासात ती ओळखली जाते 'आलोर्नाची मार्कीझ' म्हणून. दोन शतकांनी, २०११ मध्ये, मारिया तेरेझा ओर्ता या लेखिकेने तिच्यावर मोठी कादंबरी लिहिली. तिकडे आलोर्ना नावाची वाइनसुद्धा मिळते. म्हणजे आमच्या तालुक्यातल्या एका गावाचे नाव 'ह' गाळून लिस्बनला गेले, सरदार झाले, कविता लिहू लागले आणि कादंबरीत जाऊन बसले. इकडे हळर्ण हळर्णच राहिले.

अशा आणखी दोन पदव्या सांगतो. पेडण्याच्या देशप्रभू घराण्याला पोर्तुगीज राजाने विस्कोंद केले: हिंदू घराणे, मराठी दप्तर, पोर्तुगीज किताब. आणि डिचोली तालुक्यातल्या मये गावाचा एक कौंट होता. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर मयेच्या जमिनी परागंदांची मालमत्ता ठरल्या आणि गावकऱ्यांचा हक्काचा झगडा पुढे कित्येक वर्षे चालला. कादंबरीकाराने कल्पनेतून 'मयेचा कौंट' असे पात्र काढले असते तर संपादकाने समासात प्रश्नचिन्ह केले असते. खऱ्या नावांचा हा गुण असतो; ती शोभण्याची पर्वा करत नाहीत.

याच्या अगदी उलटी गोष्ट डिचोलीची. २००७ साली इंग्रजी विकिपीडियावर 'बिचोलिम संघर्ष' नावाचा लांबलचक लेख कुणीतरी लिहिला. १६४०-४१ मध्ये पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात डिचोलीच्या परिसरात युद्ध झाले, तह झाला, असा सगळा तपशील, खाली ग्रंथांची यादी. त्या लेखाला चांगल्या लेखाचा दर्जाही मिळाला आणि तो पाच वर्षे टिकला. डिसेंबर २०१२ मध्ये लक्षात आले की युद्ध झालेलेच नाही, यादीतले ग्रंथही नाहीत. १६४० साली शिवाजी महाराज दहा वर्षांचे होते. मराठा साम्राज्य कुठले? लबाडी म्हणून हा प्रकार निषेधार्हच आहे. पण गोष्ट रचणाऱ्याने त्याकडे कारागिराच्या नजरेने बघावे. त्या माणसाने गावाचे नाव खोटे घेतले नाही. युद्ध खोटे, पुस्तके खोटी, पण नाव खरे, आणि तेही नकाशावरचे, 'बिचोलिम'. त्या एका खऱ्या खुंटीला त्याने सगळे खोटे टांगले. माझा तर्क असा की शीर्षकात 'डिचोली' असते तर आमच्यापैकी कुणाची तरी नजर लवकर पडली असती. बिचोलिम हे कागदावरचे गाव. कागदावरच्या गावात कुणी राहत नाही, म्हणून तिथे लढाई झाली तरी कुणाला पत्ता लागत नाही.

तेव्हा कादंबरीत खरे गाव घ्यावे की बनवावे? दोन्ही रस्ते चालतात. चिं. त्र्यं. खानोलकरांनी वेंगुर्ल्याजवळच्या समुद्रकाठचा 'कोंडुरा' उचलला आणि १९६६ मध्ये कादंबरीच्या कपाळावर लावला. नावातच पाण्याचा घुमारा आहे, दुसरे काय शोधायचे? गार्सिया मार्केसने माकोंदो बनवले असे आपण म्हणतो, पण ते नावही त्याने रेल्वेच्या खिडकीतून एका केळीच्या मळ्यावर वाचलेले. आर. के. नारायण यांचे मालगुडी मात्र कुठल्याच पाटीवर नव्हते.

गाव बनवायचेच असेल तर आधी शेजारच्या गावांची नावे मोठ्याने म्हणून बघावीत. पेडण्यात तोरसे, तांबोसे, पार्से. धारगळ, वारखंड, पोरस्कडे. कासारवर्णे, हणखणे, हळर्ण. डिचोलीत कुडणे, आमोणे, मेणकुरे, वेळगे, पाळी, सुर्ल, लाटंबार्से. दहा वेळा म्हटल्यावर जिभेला एक वळण लागते आणि मग जे नाव आपोआप येते ते बहुधा बरोबर असते. मुद्दाम अर्थ भरलेली नावे टाळावीत. दुःखी माणसांचे गाव म्हणून 'उदासपूर' ठेवणारा लेखक वाचकाला बालवाडीत बसवतो. गावांच्या नावांना अर्थ असतो, पण तो गावाला आठवत नसतो. इब्रामपूर म्हणताना कुणाच्या मनात इब्राहिम येत नाही आणि आदिलशाही तर त्याहून येत नाही. गोड नावांवरही माझा राग आहे, पण इथे जरा दबकूनच बोलावे लागते. कारण शेजारच्या सावंतवाडीचे जुने नाव 'सुंदरवाडी' होते, आणि ते कुणा कवीने हस्तलिखितात लिहिले असते तर मी खात्रीने खोडले असते.

आणखी एक. खऱ्या जगात नावे पुन्हा पुन्हा येतात. कादंबरीत येत नाहीत. गोव्यात केरी किमान तीन आहेत: एक पेडण्यात तेरेखोलच्या मुखाशी, एक सत्तरीत, एक फोंड्यात. केसरबाई केरकर या फोंड्याच्या केरीच्या. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानावर जी ध्वनिमुद्रिका गेली तिच्यात त्यांचा आवाज आहे, म्हणजे केरी हे नाव आंतरतारकीय अवकाशात पोचले आहे. तरी म्हापशाच्या स्टँडवर "केरी" एवढेच म्हटले की समोरचा विचारणारच, खंयची केरी? एवढा एक प्रश्न संवादात आला तर गाव नकाशावरून उठून रस्त्यावर येते. नद्यांचेही तसेच. वरची म्हादई खाली येईपर्यंत मांडवी होते. दोडामार्गाकडची तिळारी खाली शापोरा होते. नदीचे नाव तिच्या काठावर कोण उभा आहे त्यावर ठरते. सत्तरीतल्या माणसाच्या तोंडी मांडवी घालणारा लेखक नदीला उलटी वाहवतो.

गावाच्या आतही नावे असतातच: देऊळवाडा, मधलावाडा, तेंब, भरड, खाजन, मानस, व्हाळ. जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला नाव आहे. डिचोलीच्या खाणपट्ट्यात मात्र ही नावे जमिनीबरोबर गेली. जुन्या पोर्तुगीज खाणपरवान्यांच्या कागदांत 'डोंगोर' आणि 'सोडो' हे आपलेच डोंगर-सडे रोमन अक्षरांत टिकून आहेत. प्रत्यक्षात तिथे खड्डा आहे, किंवा मातीचा ढिगारा. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पण खड्ड्यांना जुने नाव परत मिळाले नाही. खाणीवर लिहिणाऱ्याने आधी ही नावे गोळा करावीत, धूळ आणि ट्रक नंतर येऊ द्यावेत. कोकणीत पुंडलिक नायकांनी 'अच्छेव'मध्ये खाणीने गिळलेले गाव उभे केले ते १९७७ साली. मराठीत डिचोलीच्या त्या कादंबरीची मी अजून वाट बघत आहे.

आता माणसे. आमच्याकडे अनोळखी पोराला नाव आधी विचारत नाहीत. "कोणाचो रे तू?" असे विचारतात. कुणाचा हे कळले की नाव विचारायची पुष्कळदा गरजच उरत नाही. म्हणून आडनाव हा इथे नाजूक मामला आहे. 'कर' लावलेले आडनाव बघून लेखक त्या पात्राला त्याच गावात बसवून टाकतो. पेडणेकर पेडण्यात, मांद्रेकर मांद्र्यात. पण जो गावातच राहतो त्याला गावाचे नाव लावून ओळखणार कोण? 'कर' लागतो तो मुळात गाव सोडल्यावर. २०१४ ते २०१७ मध्ये मुख्यमंत्री असलेले लक्ष्मीकांत पार्सेकर हरमलचे. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर १९११ मध्ये जन्मले ते पेडण्यात. बांदोडे आहे फोंड्यात. आडनावात एक जुना प्रवास असतो, आणि कादंबरीकाराला तो फुकट मिळतो.

असेच 'कर' लावलेले आडनाव कलावंत घराण्यांतल्या बायकांनी वेगळ्या कारणाने घेतले. ज्या समाजव्यवस्थेने त्यांना बापाचे किंवा नवऱ्याचे नाव दिले नाही, तिच्यापुढे त्यांनी गावाचे नाव धरले. पेडण्यातल्या मालप्याच्या अंजनीबाई मालपेकर, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर, केरीच्या केसरबाई. मंगेशीच्या दीनानाथांनी मंगेशकर हे नाव घेतले तेही याच परंपरेत बसते. अशा पात्राला नाव देताना लेखकाने क्षणभर थांबावे. तिच्या आडनावात गाव आहे एवढे पुरेसे नाही. तिथे दुसरे काय असायला हवे होते आणि नाही, ते त्याला माहीत हवे.

पात्राची जात लपवायची असेल तर गोव्यातल्या लेखकाला 'नाईक' फार उपयोगी पडते. कितीतरी समाजांत ते आडनाव आहे. 'गांवकर'ही तसेच. मी स्वतः एके काळी सगळ्या नायकांना नाईक करत असे, आणि त्याला समतेचे नाव देत असे. खरे कारण भीती. एका दिवाळी अंकातल्या माझ्या कथेतला दुकानदार वाचून फेरीबोटीत एका गृहस्थाने मला गाठले होते. कथेतले नाव वेगळे, गाव वेगळे, पण तराजूचे पारडे बोटाने दाबायची पद्धत त्याच्या भावाची होती. तेव्हापासून मला पक्के कळले की नाव बदलल्याने माणूस लपत नाही.

पोर्तुगीज कारकुनाने इथे आणखी एक गंमत केली. देवळाच्या वहीत प्रभू, तर कागदोपत्री 'पोरोबो'. पै झाला 'पोय', कामत झाला 'कामोतीं', भट झाला 'बोतो'. एकाच माणसाची दोन नावे, एक देवापुढे, एक सरकारपुढे. जमिनीच्या भांडणावरची कथा लिहायची असेल तर या दोन नावांमधल्या फटीत ती आयती सापडेल. कागदावरचा पोरोबो आणि कोर्टात उभा राहिलेला प्रभू हे एकच, हे सिद्ध करायला आयुष्य जाते.

पहिल्या नावांकडे येऊ. रवळनाथाच्या गावात रवळू असणार. जुन्या पिढीत सगुण, जयराम, धाकू, लाडू, शेवंती, सुभद्रा, सत्यवती. लोकांच्या नावांना वय असते. १९४० साली जन्मलेल्या पात्राला 'आर्यन' म्हणता येत नाही, हे कळायला पुस्तक लागत नाही, तरी दरवर्षी एखाद्या हस्तलिखितात एक आजी 'तन्वी' निघतेच. पण अधिक गमतीचे ते हाकेचे नाव. बाबलो, बाबी, आपा, भाई, बायो. कविवर्य बा. भ. बोरकर गोव्याला बाकीबाब आहेत. पूर्ण नावाने त्यांची आठवण काढणारा माणूस बाहेरचा, किंवा सभेचा सूत्रसंचालक. धंदाही नाव होतो: पोदेर, रेंदेर, म्हालो, च्यारी, मास्तर. मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा, आपल्या भाटकाराचे, म्हणजे जमीनमालकाचे, नाव घेत नाही. तो त्याला भाटकारच म्हणतो, आणि भाटकार मुंडकाराला पाळण्यातल्या नावाच्या अर्ध्या तुकड्याने हाक मारतो. कूळकायदा झाला, मुंडकार कायदा झाला, हाका तशाच राहिल्या. असे नाते दाखवायला लेखक जमिनीचा इतिहास सांगत बसतो. दोन हाका पुरल्या असत्या.

म्हणून या पुस्तकात मी एक हट्ट धरला आहे. लिहायला बसलेला माणूस विचारतो, "पात्राला नाव काय देऊ?" मी त्याला म्हणतो, आधी सांग, त्याला हाक मारणारी माणसे किती, आणि कोण. वि. स. खांडेकरांचे जन्मनाव गणेश आत्माराम. दत्तक गेल्यावर ते विष्णू सखाराम झाले. जन्माला घालणाऱ्या घरात एक नाव, वाढवणाऱ्या घरात दुसरे. पेडण्याच्या वेशीला लागून असलेल्या शिरोड्यात ते शिक्षक होते. तिथल्या पोरांना त्यांचे पहिले नाव ठाऊक असायचे कारण नव्हते. जयवंत दळवी त्याच परिसरातल्या आरवलीचे म्हणून ओळखले जातात, जन्मले मात्र गोव्यातल्या हडफड्यात. आणि 'ललित' मासिकाच्या वाचकांना ते ठणठणपाळ. ही नावे माणसाला चिकटवलेल्या चिठ्ठ्या नाहीत. प्रत्येक नावामागे एकेक दार आहे, आणि त्या दारात कुणीतरी उभे आहे.

लग्न झालेल्या बाईच्या बाबतीत तर हे दुप्पट खरे. आमच्या भागात लग्नात नाव बदलायची चाल होती, अजून काही घरांत आहे. कादंबरीतली सत्यवती माहेरी शेवंती असते. मराठी कादंबरीकार, त्यात मीही आलो, सासरचे नाव एकदा ठेवतो आणि शेवटपर्यंत तेच चालवतो. जणू सोळा वर्षांची होईपर्यंत तिला कुणी हाकच मारली नव्हती.

पुस्तकाच्या रचनेबद्दल फार सांगण्यासारखे नाही. पहिल्या भागात गावे, दुसऱ्यात माणसे, तिसऱ्यात घरे, होड्या, दुकाने, देव आणि जनावरे. विमानतळाचे एक छोटे प्रकरण आहे, कारण मोपाच्या सड्यावर जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. कागदावर तो मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ, लोकांच्या तोंडी मोपा. दशावतारावरचे प्रकरण वाढवायचे होते. आख्यानात नट रंगमंचावर उभ्या उभ्या संवाद रचतो, नावेही तिथल्या तिथे घेतो, आणि ती इतकी चपखल बसतात की टेबलाशी बसून महिनाभर नाव शोधणाऱ्याने लाजावे. पण तो वेगळा अभ्यास आहे. नियम म्हणून काही दिलेले नाही. एका घरातल्या दोन माणसांची नावे एकाच अक्षराने सुरू करू नका असे सगळे सांगतात. आमच्या शेजारच्या घरात तिघे भाऊ 'बा'वरून होते आणि त्यांच्या आईचा कधी गोंधळ झाला नाही.

त्या पुणेकर मित्राने कादंबरी पुन्हा लिहिली आहे. म्हातारी आता हरमलची झाली. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात तिला शेजारची विकणारीण एका नावाने हाक मारते, मतदारयादीत दुसरे आहे, नातवंडांना ती नुसती आजी. मी त्याला विचारले, आणि माहेरचे? तो फोनवर बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला की त्या नावाने हाक मारणारा तिचा एकच भाऊ उरला होता आणि तो तिसऱ्या प्रकरणात वारतो. नाव त्याने ठरवले आहे. कादंबरीत कुठेही छापणार नाही म्हणाला, आणि मलाही सांगितले नाही.